एका दमातला बुधला

आमच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या दिराचा उजवा हात पहिल्यांदा मेला. मेला म्हणजे कपातला चहा निवेपर्यंत, तेवढाच वेळ. पण काच फुंकणाऱ्याच्या हातात त्या वेळी तापलेली नळी असेल, तर तेवढा वेळ पुष्कळ होतो.

पाहुणे जाऊन आठवडाही झाला नव्हता. अंगणात भाड्याच्या खुर्च्या तशाच एकावर एक रचलेल्या होत्या. घराच्या मागेच आमचा काचकारखाना. दीर भट्टीपुढे उभा होता, नळीच्या टोकाला लालभडक काचेचा गोळा, गाल फुगलेले. आणि एकाएकी नळी हातातून सुटली. गोळा फरशीवर पडून पसरला. दीर स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जणू कुणी दुसऱ्याचाच हात त्याच्या खांद्याला अडकवून गेलं होतं. काहीतरी बोलला. आवाज त्याचाच होता, पण एकाही शब्दाची ओळख पटेना.

"काय प्यायलास?" आमचे हे खुर्चीतून ओरडले.

तो चहाखेरीज काही पीत नाही हे भट्टीच्या विटांनासुद्धा ठाऊक होतं. थोड्या वेळाने बोटं हलली, जीभ वळली, आणि तो म्हणाला, "दादा, नळी सुटली."

"ते दिसलं सगळ्यांना," हे म्हणाले. "दम कमी पडला तुला."

आमच्या सासरी आजार एकच. दम कमी पडणे. ताप आला, दम कमी पडला. पोट दुखलं, दम कमी पडला. सून माहेरच्या आठवणीने रडली, तर तिचाही दमच कमी पडलेला असायचा. पिढ्यान् पिढ्या तोंडाने काच फुगवून पोट भरणाऱ्या या लोकांनी माणसाचं शरीर म्हणजे एक मोठी फुंकणी आहे असं ठरवून टाकलं होतं. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, विचारून उपयोगही नव्हता. त्यांनी माझ्यासमोर मेणबत्ती लावली आणि लांबून विझवायला सांगितली. मी विझवली. लग्न ठरलं. पुढे कित्येकदा वाटलं, मेणबत्तीकडे पाठ करून उभी राहिले असते तर बरं झालं असतं.

या घरात सगळ्यांत मोठा दम माझ्या दिराचा. म्हणून त्याला सगळे भाताच म्हणत. लोहाराचा भाता काय हवा टाकेल अशी त्याची फुंक. आणि आमचा बुधला म्हणजे मोठ्या पोटाची, आखूड मानेची बरणी, मिठी मारली तर हात पुरायचे नाहीत एवढी. दुसऱ्या कारखान्यांतली माणसं तो दोन-तीन दमांत फुंकतात, मध्ये श्वास घेतात, माणसासारखी वागतात. त्यांचेही बुधले गळत नाहीत. पण आमच्याकडे तो एका दमात फुंकायचा. का, ते कुणी सांगू शकत नसे. विचारलं की सगळे भिंतीवरच्या आजेसासऱ्यांच्या फोटोकडे बघायचे. ते फोटोतही गाल फुगवून बसलेत.

आमचे हे थोरले, म्हणून कारखान्याचे मालक. त्यांनी स्वतः नळीला तोंड लावून बरीच वर्षं झाली होती. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आता जोराने फुंकायचं नाही." यांनी लगेच ऐकलं. आयुष्यात दुसऱ्याचं इतक्या चटकन ऐकलेलं मी तेवढंच एक पाहिलं. तेव्हापासून भट्टीसमोर खुर्ची टाकून दुसऱ्यांचा दम मोजणं हे यांचं काम.

तर भात्याच्या हातावर यांनी उपाय काढला. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर उभं राहायचं आणि छाती फुटेस्तोवर श्वास घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. "डोक्याला हवा पोचली पाहिजे," हे म्हणाले.

माझी नणंद, यांची थोरली बहीण, लग्नाला आली होती आणि राहिली होती. वन्संना प्रत्येक गोष्टीत भर घालायची सवय. लग्नाच्या सजावटीचे फुगे उरले होते. "नुसता श्वास काय कामाचा?" त्या म्हणाल्या. "फुगे फुगवायला द्या त्याला. वायाही जाणार नाहीत."

मग काय विचारता. चाळिशी ओलांडलेला बाप्या गच्चीवर गुलाबी फुगे फुगवतोय आणि शेजारणी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बघतायत. चार-पाच फुगे झाले की हात मरायचा.

"वहिनी, हात गेला परत," तो जिन्यातून सांगायचा.

"गेला कुठे? दिसतोय की," वन्सं.

"दिसतोय, पण माझं ऐकत नाही."

"मग घरातल्या बाकीच्यांसारखाच झाला," मी म्हणायची.

आणि आमचे हे काय निष्कर्ष काढायचे? हात मेला, म्हणजे दम अजून भरला नाही. उद्या आणखी जास्त. औषधाने आजार वाढतोय म्हणून औषधाचा डोस वाढवायचा, असला कारभार. शिवाय भट्टीपुढे काम करताना पाणी प्यायचं नाही, पाण्याने श्वास जड होतो, हाही यांच्याच घराण्याचा शोध. घामाने सदरा पिळून निघायचा आणि भाता कोरड्या ओठांनी फुंकत राहायचा.

हे सगळं धाकटीला दिसत होतं. धाकटी म्हणजे त्याची बायको, माझी जाऊ. आम्ही दोघी मालाला गवतात गुंडाळून खोक्यात भरायचं काम करायचो. एकदा दुपारी ती मला म्हणाली, "जाऊबाई, एक सांगू? हसणार नाही ना?"

"हसायला सवड कुठाय? सांग."

"चहा कढत असला आणि ह्यांनी फुंकून फुंकून घेतला की ह्यांची बोटं बधिर होतात. कोमट दिला की काही होत नाही. मी मुद्दाम आलटून पालटून देऊन पाहिला."

"नवऱ्यावर प्रयोग करतेस?"

"मग कुणाच्या नवऱ्यावर करू?" ती म्हणाली. "आणि परवा दारचं कुत्रं मेलं म्हणून हे हमसून हमसून रडले, तेव्हाही तोंड वाकडं झालं. जास्त श्वास घेतला की होतंय हो हे. आणि हे सगळे मिळून त्यांना जास्त श्वास घ्यायला लावतायत."

मी हातातली बाटली खाली ठेवली. दुसऱ्याच दिवशी, बुधल्याची झाकणं बघून येतो असं सांगून आम्ही दोघी भात्याला घेऊन गल्लीच्या टोकावरच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर चांगला माणूस, पण घाईतला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि निदान केलं. "लग्नकार्य झालंय ना घरात? ताण आहे. बाकी काही नाही. घ्या बघू दीर्घ श्वास. जोरात. अजून. शाब्बास, घेत राहा."

भाता आज्ञाधारक. भाता नुसता सुटला. बघता बघता त्याचा हात टेबलावरून खाली लोंबला, ओठाचा कोपरा सुटला, आणि तो डॉक्टरला काहीतरी सांगू लागला जे जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हतं. डॉक्टरचा चष्मा नाकावरून घसरला. "थांबा! थांबा! श्वास घेऊ नका!" तो ओरडला. मग चूक लक्षात येऊन म्हणाला, "म्हणजे घ्या, पण हळू घ्या!" त्याच घाईत त्याने मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. त्या दिवसापासून तो कुणालाही दीर्घ श्वास घ्यायला सांगत नाही असं ऐकून आहे.

मोठ्या हॉस्पिटलात भात्याच्या मांडीतल्या शिरेतून रंग सोडून डोक्याचे फोटो काढले. मेंदूची डॉक्टरीण बारीक चणीची होती, बोलायची हळू. घरच्या सगळ्यांना या म्हणाली, म्हणून आमचे हे आले, आणि कुणी न बोलावता वन्संही आल्या.

"एवढीशी पोरगी डोकं उघडणार?" वन्सं कुजबुजल्या. त्यांची कुजबूज बाहेरच्या वॉर्डबॉयनेही ऐकली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. गळ्यातून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या, दोन्ही वरच्या टोकाला दोऱ्यासारख्या बारीक झाल्या होत्या. आणि त्या अरुंद जागेच्या आसपास केसासारख्या असंख्य बारीक वाहिन्यांचं जाळं, जणू कुणी विडीचा धूर सोडलाय.

"याला मोयामोया म्हणतात," त्या म्हणाल्या. "क्वचित होणारा आजार आहे. मोठा रस्ता बंद होत चाललाय, म्हणून रक्ताने गल्लीबोळांतून वाटा काढल्यात."

"मोयामोया," वन्संनी म्हणून पाहिलं. "हे काय आजाराचं नाव झालं? मांजराला हाक मारल्यासारखं वाटतं."

"कशाने झाला?" यांनी विचारलं. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"नक्की कारण सांगता येत नाही. काम करून झालेला नाही हा. पण फुंकल्याने झटके येतायत, ते मात्र खरं. आपण जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तो कमी झाला की मेंदूतल्या वाहिन्या आकसतात. तुमच्या आमच्या आकसल्या तर नुसती चक्कर येईल. यांच्याकडे आधीच शिल्लक काही नाही, त्यामुळे तेवढ्यानेही तो भाग उपाशी राहतो."

"म्हणजे खराब हवा डोक्यात ठेवायची आणि चांगली घ्यायची नाही?" आमचे हे हसले. "डॉक्टरीणबाई, आमच्या चार पिढ्या फुंकण्यावर जगल्यात."

"मला यांच्या एका पिढीची काळजी आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हे छोटे झटके म्हणजे इशारे. असंच चालू राहिलं तर पुढच्या काही वर्षांत मोठा झटका येण्याची भीती बरीच, आणि तो आला की हात, पाय, बोलणं परत येईलच असं नाही. मोठ्या माणसांत आणखी एक धोका असतो. त्या धुरासारख्या नाजूक वाहिन्यांपैकी एखादी फुटते आणि डोक्यात रक्तस्राव होतो. बारीक झालेली वाहिनी पुन्हा रुंद करणारं औषध नाही. रक्त गोठू नये म्हणून गोळी देता येते, पण ती पुरेशी नाही. इलाज म्हणजे बायपास.

"बायपास हृदयाचा असतो," हे म्हणाले.

"डोक्याचाही असतो. कानापुढून वर कातडीत जाणारी एक वाहिनी असते. बोट ठेवा, ठोके लागतील. ती सोडवून घ्यायची, कवटीला खिडकी पाडायची, आणि मेंदूवरच्या वाहिनीला शिवून टाकायची. आधी डावी बाजू, काही महिन्यांनी उजवी. ऑपरेशनलाही धोका आहे. पण न करण्यात जास्त आहे. आणि झाल्यावर भीती कमी होईल, शून्य होणार नाही. खोटं सांगणार नाही मी."

आम्ही सगळे आपापल्या कानापुढे बोट लावून बसलो होतो.

"आणि नळी?" भात्याने विचारलं.

"नळी बंद. कायमची. पाणी भरपूर प्या, आणि कढत चहा फुंकू नका."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी वन्संकडे पाहिलं. वन्सं छताकडे बघत होत्या.

हॉस्पिटलने लवकरची तारीख दिली. आणि इथे आमच्या घराण्याने आपली जात दाखवली. वर्षातून एकदा भट्टी विझवून आतल्या विटा बदलतात. पुन्हा पेटवली की पहिला बुधला घरच्या उस्तादाने सगळ्या कारागिरांसमोर, व्यापाऱ्यांसमोर, एका दमात फुंकायचा. जो फुंकेल तो वर्षभर उस्ताद. तो दिवस ऑपरेशनच्या तारखेनंतर येत होता. यांनी हॉस्पिटलला फोन केला, घरात कार्य आहे म्हणून सांगितलं, आणि तारीख पुढे ढकलून घेतली.

"अहो, कार्य कसलं? बुधला फुंकायचाय त्याला!" मी म्हणाले.

"एकच तर आहे. एका बुधल्याने काय होतंय? मग खुशाल डोकं उघडा त्याचं."

"तुमच्या हर्नियाच्या वेळी का नाही फुंकलात एक शेवटचा?"

"तुला कारखान्यातलं कळत नाही," हे म्हणाले. ज्या गोष्टीचं उत्तर नसे ती कारखान्यातली असायची.

पण खरी अडचण यांची नव्हती. भात्यालाच तो बुधला फुंकायचा होता. दुसरं त्याला काही येत नाही अशी त्याची समजूत होती, आणि घरातल्या सगळ्यांनी ती खतपाणी घालून वाढवलेली. भट्टी पेटायच्या आदल्या दुपारी तो गवताच्या खोलीत आला. मी खोक्यांच्या मागे होते. मी तिथे आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण आमच्या घरात भांडायला वेगळी खोली नाही.

"एकदाच," तो धाकटीला म्हणाला. "मग आयुष्यभर तू सांगशील ते."

"आणि फुंकता फुंकता पडलात तर?"

"नाही पडत."

"मी काय विचारतेय? पडलात तर? अंथरुणाला खिळलात, बोलता येईना, लेकीने विचारलं बाबा माझ्याशी का बोलत नाहीत, तर काय सांगू तिला? बुधला फार छान झाला होता म्हणून सांगू?"

"लोक काय म्हणतील? भात्याचा दम गेला म्हणतील."

"म्हणू देत की. तुमचं अंग पुसायला लोक येणार आहेत का? दादा येणार आहेत? वन्सं येतील, फुगे घेऊन."

मला हसू आवरेना. भाता खोक्यांच्या दिशेने बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगा हिला काहीतरी."

"मी काय सांगू, भावजी? ती तुम्हाला नवरा म्हणून ठेवू बघतेय आणि हे तुम्हाला भाता म्हणून. दोन्ही जमायचं नाही."

तो गवताच्या पेंढीवर बसला. बराच वेळ गवताची काडी मोडत होता. मग उठून गेला. काय ठरवलं ते सांगून गेला नाही. धाकटी त्या दिवशी जेवली नाही.

सकाळी भट्टी पेटली. कारागीर भिंतीला टेकून उभे, व्यापारी पुढच्या बाकांवर, आमचे हे नव्या सदऱ्यात खुर्चीवर. वन्संनी मोक्याची जागा धरली होती. धाकटी दाराशी उभी होती, चौकट घट्ट धरून. माझं लक्ष भट्टीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त.

भाता पुढे आला. नळी भट्टीत घातली, काच गोळा केली, फिरवत फिरवत बाहेर काढली. गोळा असा सुरेख धरला होता की व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. त्याने नळी ओठांपर्यंत नेली. धाकटीने डोळे मिटले.

आणि भाता वळला, तीन पावलं चालला, आणि नळीचं तोंड आमच्या यांच्यासमोर धरलं.

"दादा, तुम्ही फुंका."

"काय?"

"थोरले तुम्ही. मान तुमचा."

"अरे, माझा हर्निया..." हे हळूच म्हणाले.

"हर्निया पोटात असतो, दादा. माझं डोक्यात आहे," भाता मोठ्याने म्हणाला. "लवकर करा, काच गार होतेय."

बाकावर बसलेले सगळे बघत होते. आता यांना उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे उठले, एका हाताने पोट सांभाळलं, दुसऱ्या हाताने नळी धरली, आणि गाल फुगवले. आजेसासऱ्यांच्या फोटोची आठवण झाली, फक्त फोटोतला माणूस जांभळा नव्हता. डोळे बाहेर आले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, शिंकेसारखा आवाज झाला, आणि गोळ्याच्या आत एक बुडबुडा आला. कांद्याएवढा, तोही एका अंगाला कललेला. मग दम संपला.

एका व्यापाऱ्याने पुढे वाकून अगदी भक्तिभावाने विचारलं, "मालक, ही नवीन दौत काढली का?"

कारागिरांनी तोंडं भिंतीकडे फिरवली. त्यांचे खांदे मात्र हलत होते. हसू नका, असं मी भात्याला नजरेने बजावत होते, कारण फार हसण्यालाही डॉक्टरीणबाईंची बंदी होती. धाकटीने डोळे उघडले होते, आणि ती दारातच खाली बसली.

त्या दिवसापासून यांनी भात्याशी अबोला धरला. उस्तादकी एका जुन्या कारागिराला दिली. तो बुधला तीन दमांत फुंकतो, मध्ये पाणीही पितो. पुढे हेच लोकांना सांगायला लागले की आमचे आजोबाही तीन दमांतच फुंकायचे, एका दमाचं खूळ मागाहून कुणीतरी घुसडलं.

ऑपरेशन झालं. आम्ही दिवसभर बाकड्यावर बसलो. केसापेक्षा बारीक दोऱ्याने दुर्बिणीखाली शिवतात असं कळल्यावर वन्सं म्हणाल्या, "मीही तरुणपणी बारीक शिवायची." शुद्धीवर आल्यावर भात्याचा हात हलत होता, पण शब्द फुटेना. वन्संनी बाकड्यावरच गळा काढला, "बोलता माणूस आत नेला आणि मुका बाहेर आणला गं बाई!" भात्याशी अबोला असूनही आलेले आमचे हे मला म्हणाले, "मी सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाई धाकटीशेजारी बसल्या. "उपाशी भागात एकदम भरपूर रक्त आलंय. सवय व्हायला वेळ लागतो. आम्ही रक्तदाब सांभाळून आहोत. बहुतेक येईल बोलणं." आठवडा सरता सरता आलं. पहिलं वाक्य म्हणाला, "वन्संना घरी पाठवा." तो तिला कधी वन्सं म्हणत नसे, त्याची ती ताई. पण शब्द कुठलाही असो, अर्थाची खात्री पटल्यामुळे आम्हाला फार आनंद झाला. काही महिन्यांनी दुसरी बाजूही झाली. कानापुढे बोट ठेवलं की दोन्हीकडे ठोके लागायचे. तो ते पाहुण्यांना लावून दाखवायचा.

मग तो काच घासायच्या चाकावर बसू लागला. भांड्यांच्या तोंडांच्या धारा घासायच्या, चाकावर पाण्याची धार सुरू, शेजारी त्याची पाण्याची बाटली. सुरुवातीला मान खाली घालून बसायचा. मग हळूहळू जमलं. झटके थांबले, एकदाही आला नाही असं मात्र म्हणणार नाही. एकदा तापात आला, आणि गेला. गोळी चुकवली नाही. वर्षातून एकदा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन फोटो काढून यायचा. धाकटीने त्याला जन्मभर कोमट चहा पाजला. "डोकं वाचवलंस," तो म्हणायचा, "पण जिभेचा जीव घेतलास." लेकीचा अभ्यास घेतला, तिचं लग्न केलं, तिच्याशी रोज भांडला. यांच्याशी मात्र, यांचा अबोल्याचा हट्ट मोडेपर्यंत, कामापुरतंच बोलणं राहिलं. मोडला तो असाच, एकदा यांना त्याने धार घासलेली बाटली आवडली तेव्हा. हे म्हणाले, "बरी झालीय." तो म्हणाला, "फुंकायची नाहीय, म्हणून बरी झाली."

डॉक्टरीणबाई शून्य होणार नाही म्हणाल्या होत्या, आणि शून्य झालं नव्हतं. एका सकाळी चाकावर बसल्या बसल्या त्याने डोकं धरलं, फार दुखतंय म्हणाला, आणि वांती झाली. या वेळी वाहिनी बंद पडली नव्हती, फुटली होती. आम्ही वेळेत नेलं. त्यांनी सगळं केलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना बोलावं लागलं नाही.

घरी माणसं जमली. आमचे हे भिंतीला टेकून बसले होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "फुंकणं सोडलं ना त्याने. शरीर सैल पडलं. फुंकत राहिला असता तर आज..."

धाकटी ऐकत होती. मी उठले आणि म्हणाले, "अहो, आज एक दिवस तरी हवा आत ठेवा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच यांनी माझं ऐकलं. खाली बघून रडू लागले, आणि मग मलाच वाईट वाटलं.

माझा दीर, ज्याला सगळे भाता म्हणत, दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर बारा वर्षांनी वारला. त्याची लेक पहिल्यांदा बाळंत झाली त्या वर्षी, हिवाळा सरता सरता, गुरुवारी सकाळी. नातीला त्याने दीड महिना मांडीवर घेतलं.